एसटीतलं हिरवं पाणी

अड्याळहून भंडाऱ्याला येताना एसटीत माझ्या शेजारच्या बाईंच्या मांडीवर पाण्याचा कॅन होता. कंडक्टरने विचारलं, "काहून जी, भंडाऱ्यात पाणी नाही का?"

"बोअरचं लय जड आहे, क्षारच क्षार. मासोळ्या सुस्तावल्या, पालक पिवळा पडून राहिला." त्यांच्या गच्चीवर माशांच्या टाकीचं पाणी पालकाच्या मुळांतून फिरून परत टाकीत यायचं. कॅनमध्ये बहिणीकडचं पावसाचं पाणी होतं.

घरापर्यंत त्यांना धीर निघेना. पिशवीतल्या बाटलीतलं बोअरचं पाणी आणि कॅनमधलं पाणी त्यांनी एका काचेच्या कुपीत मिसळलं, क्षार तपासायच्या औषधाचे थेंब टाकले आणि डोळे मिटले. "निळं झालं तं बेकार, हिरवं झालं तं जमलं. तुम्हीच पाहा जी!"

"हिरवं!" मी ओरडलो. मागच्या बाकावरून टाळ्या आल्या.

बाई डोळे पुसत हसल्या, "मासोळ्या बोलत नाही ना जी, म्हणून जीव लागून राहते."