पुराव्यादाखल आइसलँडचा अल्बम

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढं सगळी माझी फजिती आहे, आणि ती सांगताना मला गंभीर राहायचंय.

दुष्काळाचे दिवस होते. शहर वाढत वाढत पार दक्षिणेच्या डोंगराला, सातारा परिसर म्हणतात तिथवर टेकलं होतं. आमची कॉलनी तिथलीच, नवी कोरी. घरोघरी नळ होते, पण शोभेचे. पाणी टँकरनं यायचं, तेही टँकरवाल्याच्या मर्जीनं. त्या आठवड्यात ती मर्जी पार आटली होती.

अशात माझा मेहुणा शिरीष पुण्याहून आला. माणूस चांगला, पण संगीतातलं फक्त आपल्यालाच कळतं असा त्याचा समज. काहीही लावा, "हे जुनं झालं रे" ठरलेलं. या वेळी मी तयारीत होतो. आइसलँडच्या एका बँडचा अल्बम मिळवला होता. त्यात गाणं असं नाहीच. सगळे इलेक्ट्रॉनिक आवाज, काहीतरी घरघरतंय, काहीतरी वितळतंय. खरं सांगू? मलाही तो तिसऱ्यांदा ऐकल्यावर आवडला. पण शिरीषनं तो ऐकलेला नसणार, हा अल्बमचा सगळ्यात मोठा गुण.

रविवारी दुपारी, खोलीत घुमतं म्हणून, नवे स्पीकर गॅलरीत मांडले आणि आवाज पूर्ण सोडला. आधी खालच्या सुरात घर्र, घर्र. मग बीप, बीप, बीप. मग फुस्स करून हवा सुटली आणि शेवटी धो धो पाणी.

शिरीषनं डोळे मिटले. मान डोलावली. "हे मी ऐकलंच नव्हतं," म्हणाला.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होतो. छाती अशी फुगली म्हणता!

तेवढ्यात खालून भांड्यांचा खणखणाट. गॅलरीतून वाकून बघतो तर अख्खी कॉलनी रस्त्यावर. ड्रम, बादल्या, कळशा, एकाच्या हातात तर कुकर. नंबरावरून भांडणंही जुंपलेली. काय चाललंय ते नीट ऐकू यावं म्हणून मी अल्बम बंद केला.

खाली सगळ्या माना कोपऱ्याकडं वळल्या. मग शेजारच्या जाधव काकू, मूळच्या फुलंब्रीकडच्या, कडाडल्या, "पळवली गाडी. कोपऱ्यापर्यंत येऊन माघारी नेली मेल्यानं."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. टँकर रिव्हर्स घेताना दुसरं काय वाजतं हो? चप्पल न घालताच खाली धावलो.

"काकू, तो आवाज..."

"तुमी बी ऐकला ना?"

"ऐकला, पण तो..."

"बघा, साहेबांनी बी ऐकला. म्या एकटीच नाय म्हणत."

कॉलनीचे अध्यक्ष कुलकर्णी काका तोवर टँकरवाल्याशी फोनवर भांडायलाही लागले होते. "गाडी सोडलीच नाही म्हणतोस? घे, साक्षीदाराशी बोल," म्हणून त्यांनी फोन माझ्या हातात कोंबला.

"कसला आवाज होता साहेब?" टँकरवाल्यानं विचारलं.

आता मी काही खोटं बोलत नाही. "आधी घरघर, मग बीप बीप, मग पाणी."

"भास झाला असंल. पुरावा काय?"

काकांनी माझ्याकडं पाहिलं. "रेकॉर्डिंग वगैरे आहे का हो?"

होतं ना. अख्ख्या अल्बमचं होतं. मी "आहे" म्हणालो, आणि पुढचं "पण" बाहेर पडायच्या आत वरून शिरीषनं विचारलं, "परत लावू का रे?"

"लावा," सगळी रांग एका सुरात म्हणाली.

काकांनी फोन गॅलरीकडं उंच धरला. घर्र, बीप, फुस्स, धो धो. आइसलँडच्या त्या पोरांना एवढे एकाग्र श्रोते त्यांच्या देशातही मिळाले नसतील.

तिकडं टँकरवाला हळू आवाजात म्हणाला, "ड्रायव्हरनं परस्पर दुसरीकडं खाली केली वाटतं. यांचं हे नेहमीचंच. साहेब, ते रेकॉर्डिंग वर कुठं पाठवू नका. गाडी आत्ता सोडतो."

आणि खरंच, ऊन कलायच्या आत टँकर दारात. तोही काठोकाठ भरलेला! माझ्यासाठी खुर्ची आली. काकांनी रस्त्यातच मला पाणी समितीवर घेतलं. शिरीष, पुण्याचा शिरीष, काकूंच्या कळशा वाहत होता आणि येता-जाता लोकांना सांगत होता, "आमचे भावजी आहेत."

मी सांगून पाहिलं बरं का. "अहो, ते आइसलँडचं गाणं होतं."

काकू शेजारणीला म्हणाल्या, "लई मोठ्या मनाचा माणूस. स्वतःकडं मोठेपणा घेतच नाय."

मग मीही नाद सोडला आणि खुर्चीत आरामात बसलो. एकेकजण येऊन हात मिळवून जात होता. शेवटचा माणूस गेला, टँकर कोपऱ्यावरून वळला, आणि आत भजी तळत बसलेली बायको पदराला हात पुसत दारात आली.

"आपलं भरलं का?" तिनं विचारलं.

मी तसाच उठलो आणि रिकामी बादली घेऊन जाधव काकूंच्या दारात उभा राहिलो. त्यांनी बादली काठापर्यंत भरून दिली आणि म्हणाल्या, "समितीवर हायत ना तुमी? मग पाणी कवा भरायचं, तेवढं तरी शिकून घ्या."