कावळ्याला कबूल केलेली दिवाळी

धान्याच्या दुकानात रोज संध्याकाळी झाडू मारला की पसाभर दाणे निघतात. ज्वारी, तूर, हरभरा, सगळं मिसळलेलं. विकता येत न्हाई अन् फेकवत बी न्हाई. भानुशेठ ते एका डब्यात टाकत राहतो. आमच्या किश्शांचं तसंच आहे. कुणी मुद्दाम जमवत न्हाई, पण डबा भरतोच!

जुन्या जालन्यात भानुशेठच्या दुकानापुढच्या ओट्यावर आम्ही चौघं रोज सकाळी बसतो. दुकानाचा मालक भानुशेठ, शाळेतून रिटायर झालेले कदम मास्तर, साखर कारखान्यातून रिटायर झालेला अंबादास, आणि मी. मला सगळे नाना म्हणतात. माझी शाळा सातवीतच सुटली, त्यामुळं मास्तरांची मला भीती वाटत न्हाई.

यंदाचे किस्से मात्र सगळे एकाच पोत्यातले आहेत. अंबादासच्या फॉरेन ट्रिपचे.

* * *

संक्रांतीच्या आसपास अंबादासची बायको गेली. कमलवहिनी. दहाव्याला आम्ही गोदावरीवर गेल्तो. पिंड ठेवला आणि सगळे लांब उभे राहिलो. झाडावर कावळे होते, पण एक खाली येईना.

कावळा शिवत न्हाई म्हणजे गेलेल्या माणसाचं काहीतरी राहून गेलंय. मग सुरू झालं कबूल करणं! थोरले दादा, म्हणजे अंबादासचे चुलत भाऊ, हात जोडून म्हणाले, "कमल, सुरेखाला माहेर कमी पडू देणार न्हाई." सुरेखा म्हणजे अंबादासची एकुलती पोरगी, अंबडला दिलेली. कावळा हलला न्हाई.

भानुशेठ म्हणाला, "वहिनी, अंबादासच्या जेवणाचं आम्ही बघू." कावळ्यानं मान वळवली.

मी म्हणालो, "वहिनी, त्याची तंबाखू सोडवतो." कावळा सरळ उडाला आणि पलीकडच्या झाडावर जाऊन बसला! खोटं बोलल्यालं त्याला बराबर कळलं.

ऊन चढलं. मग अंबादास एकटाच पुढं गेला आणि हळूच बोलला, "दर दिवाळीला म्हणायचीस ना, एकदा तरी ही कढई, हे तळण सोडून लांब कुठंतरी जाऊ? ह्या दिवाळीला जाऊ. इमानात बसून जाऊ. परदेशात."

कावळा आला, शिवला आणि गेला.

परतताना गाडीत मास्तरांना राहवलं न्हाई. "अंबादासराव, पण वहिनींना आता न्यायचं कसं?"

अंबादास म्हणाला, "ते मी बघतो. तुम्ही देश बघा."

* * *

देश बघायचं काम मास्तरांनी लगेच अंगावर घेतलं. नकाशा आणला, ओट्यावर पसरला. भानुशेठ म्हणाला, "नेपाळ! जवळ बी हाय अन् पासपोर्टचा खर्चा वाचतो."

मास्तर म्हणाले, "पासपोर्ट लागत नाही त्याला परदेश म्हणत नाहीत."

"कावळ्याला पासपोर्ट दाखवायचाय का?"

हा वाद दोन चहा चालला. मग आम्ही सगळे उठून ट्रॅव्हलच्या ऑफिसात गेलो. तिथं प्रणाली नावाची पोरगी बसते. नातीच्या वयाची, पण आम्हाला शाळेतल्या पोरांसारखं गप्प बसवते.

"दिवाळीत?" ती म्हणाली. "काका, दिवाळीत अर्धा देश हिंडायला निघतो. पाय ठेवायला जागा नसते. दिवाळी झाल्यावर जा ना, निवांत."

अंबादास म्हणाला, "दिवाळीतच जायचंय."

"बरं. नेपाळ बघते. पण तिथं पण पाच दिवस दिवाळीच असते हां. दिवे, रांगोळ्या, सगळं. एक दिवस तर कुत्र्याची पूजा करतात. हार घालतात त्याला."

"कुत्र्याला हार?" भानुशेठ म्हणाला. "मला माझ्या साठीला बी कुणी घातला न्हाई!"

मी म्हणालो, "भुंकतोस कमी आणि चावतोस जास्ती. मंग कोण घालील?"

अंबादास हसला न्हाई. "पोरी, जिथं दिवाळी न्हाई असा देश दाखव."

प्रणालीनं दुबई काढली. तिथं जालन्यापेक्षा जास्ती रोषणाई! सिंगापूर काढलं. तिथंही आकाशकंदील! पोरगी बिचारी देशामागून देश काढत होती आणि दिवाळी आमच्या आधीच जाऊन बसलेली होती. शेवटी व्हिएतनाम निघाला.

"तिथं दिवाळी न्हाई ना?"

"नाही काका."

"कुणाच्या घरी बाया चार दिवस आधीपासून तळत बसत न्हाईत?"

प्रणालीनं आमच्या तिघांकडं बघितलं. मग हळूच म्हणाली, "त्यांच्या दुसऱ्या सणाला बसत असतील काका. पण तेव्हा तुम्ही नसणार."

* * *

खरं सांगतो, त्या दिवसापासून मी एक गोष्ट आठवून बघतोय. किती वर्षं आम्ही दिवाळीला अंबादासच्या घरी फराळाला गेलो. वहिनींच्या चकलीसारखी चकली जालन्यात न्हाई. ताट पुढं यायचं. "अजून घ्या नाना" असा आवाज यायचा. तो यायचा आतून.

त्या बाई दिवाळीत कुठली साडी नेसायच्या, ते मला आठवत न्हाई. चेहरा आठवतो तो आषाढातला, श्रावणातला. दिवाळीतला न्हाईच! दिवाळीत त्यांचा फक्त हात दिसायचा, ताट धरलेला.

हे मी ओट्यावर बोलून दाखवलं. मला वाटलं कुणीतरी माझी खिल्ली उडवील. भानुशेठ उठला आणि गिऱ्हाईक नसताना तराजू पुसत बसला. मास्तर म्हणाले, "आमच्या घरी वेगळं काय आहे?"

मी म्हणालो, "तुमच्या घरी ताट बी उशिरा येतं मास्तर!"

सगळे हसले. पण थोडं कमीच हसले.

* * *

पासपोर्टचा किस्सा सांगितलाच पाहिजे. मास्तर सोबत येणार म्हणाले, कारण व्हिएतनाममध्ये कुणीतरी शिकलेला माणूस पाहिजे. मी त्यांना नियम सांगितला. "मास्तर, फोटोत दात दिसलेले चालत न्हाईत. फॉर्म परत येतो."

आता एवढं तर खरंच आहे. हसायचं न्हाई असा नियमच आहे! पण मास्तरांना वरची खालची पूर्ण कवळी. पासपोर्टच्या ऑफिसात नंबर आल्यावर ह्या शहाण्या माणसानं कवळी काढून खिशात ठेवली आणि फोटो दिला!

पासपोर्ट आला. आत एक बोळकं तोंड. मास्तरीणबाईंनी विचारलं, "हे कुणाचे वडील?"

आता प्रणाली म्हणते, विमानतळावर चेहरा फोटोशी जुळवून बघतात. म्हणजे मास्तर व्हिएतनाममध्ये कवळी हातात घेऊनच उतरणार! मास्तर पंधरा दिवस माझ्याशी बोलत नव्हते. सोळाव्या दिवशी म्हणाले, "नाना, बोलल्याशिवाय तुम्हाला शिव्या देता येत नाहीत, म्हणून बोलून राह्यलो."

* * *

भानुशेठ बी सोबत येणार होता, पण त्याची गोष्ट निराळी. त्यानं बॅग भरायची प्रॅक्टिस गणपतीच्या आधीच केली. शेंगदाण्याची चटणी, धपाटे, मेतकूट, लोणचं. भरलेली बॅग दुकानातल्या मोठ्या काट्यावर ठेवली.

"किती न्यायला परवानगी हाय?"

"पंधरा किलो," मी म्हणालो.

काट्यावर साडेअठरा आलं. भानुशेठ शांत. "बराबर हाय."

"बराबर कुठं? साडेतीन किलो जास्ती हाय!"

"अरे, साडेतीन किलोची बॅगच हाय. बारदान वजा करायचं का न्हाई? माल पंधराच भरतो."

आयुष्यभर ह्या माणसानं पोत्यासकट धान्य तोललं आणि पोत्याचं वजन वजा केलं. त्याला वाटलं विमानवाला बी तेच करणार! मी सांगितलं, विमानवाला बॅगेसकट वजन धरतो.

भानुशेठ माझ्याकडं बघतच राहिला. "बारदान वजा करत न्हाई? मंग त्या माणसाचा धंदा चालतो कसा?"

* * *

श्रावण संपता संपता कुंभार पिंपळगावहून थोरले दादा आले. खबर तिथवर गेल्ती. ओट्यावर बसले, पाणी घेतलं न्हाई. आम्ही ओळखलं.

"अंबादास, घरात माणूस गेल्यावर पहिली दिवाळी हाय. भावकी बसायला येणार, फराळाची ताटं येणार. दाराला कुलूप बघून लोक माघारी जाणार का? अन् तू तिकडं हिंडणार?"

"किल्ली शेजारी ठेवतो दादा. या, बसा, चहा करून घ्या."

"कोण करणार चहा?"

"तुम्ही."

"मी?" दादा चिडले. "मला गॅस पेटवता येतो का?"

अंबादास म्हणाला, "मला बी येत नव्हता. संक्रांतीपासून येतो."

दादांनी काठी उचलली, चप्पल घातली. जाता जाता एवढंच म्हणाले, "पोरीला विचारलंस का? तिचं माहेर हाय ते. सुरेखा हो म्हणली तर बिलकुल जा. न्हाई म्हणली तर घरी बस."

अंबादासचा चेहरा पडला. त्यानं तिला सांगितलंच नव्हतं. कावळ्याला कबूल केलं, प्रणालीला सांगितलं, आम्हाला सांगितलं. पोरीला सांगायची हिंमत होत नव्हती.

* * *

सांगावं लागलंच न्हाई. दादांनीच अंबडला फोन केला. चौथ्या दिवशी सुरेखा ओट्यासमोर रिक्षातून उतरली. आम्ही तिघं उठून दुकानात जायला निघालो, तर म्हणाली, "बसा काका. तुम्हाला सगळ्यांनाच विचारायचंय."

बसलो.

"आप्पा, आई न्हाई म्हणून काय झालं? दिवाळीला मी कुठं यायचं? कुलपाला ओवाळू का?"

अंबादास खाली बघत होता. भानुशेठनं हमालाला मान हलवूनच परत पाठवलं.

मग अंबादासनं सांगितलं. नदीवर बाया आल्या नव्हत्या, त्यामुळं तिला काहीच ठाऊक नव्हतं. कावळा येत नव्हता ते सांगितलं, काय कबूल केलं ते सांगितलं. "मी तिला शब्द दिलाय बेटा. पण तू न्हाई म्हणलीस तर न्हाई जाणार. तिला दिलेल्या शब्दाचं काय करायचं ते मंग बघू."

सुरेखा पोत्याला टेकली. "आई मला बी म्हणायची," ती म्हणाली. "दर दिवाळीला, फोनवर. मला वाटायचं गंमत करून राह्यलीये. मी म्हणायचे, हो जाऊ जाऊ, आता ठेव, माझं तेल तापलंय."

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि पर्समधून मोबाईल काढला. सासूला फोन लावला. बाजारात आवाज फार, म्हणून स्पीकरवर टाकला.

"आत्याबाई, यंदा दिवाळीला मी घरी न्हाई."

"का गं? कुठं चाललीस?"

"परदेशात. आईसोबत."

मास्तरांनी ओट्यावरच्या नकाशाची घडी घालायला घेतली आणि अर्ध्यावरच थांबवली. फोनमधून कुकरची शिट्टी ऐकू आली, मग दुसरी. गॅस बारीक केल्याचा आवाज आला.

"सुरेखा," सासूबाई म्हणाल्या, "तिथं अजून एक जागा भेटंल का गं?"