सेलूच्या वह्यांतली कोरी पानं

परभणी, रविवार, २२ फेब्रुवारी १९७६

आपली ही प्रवासाची फिरती वही माझ्याकडे पाच महिने अडकून पडली, त्याबद्दल सगळ्या मित्रांची क्षमा मागतो. कुठे गेलोच नव्हतो, म्हणून प्रवासाचं काही लिहिता आलं नाही. गेल्या रविवारी सेलूला जाऊन आलो. तेवढ्यालाही प्रवास म्हणायचा तर हा घ्या.

निमित्त एका पोस्टकार्डाचं. ‘यशवंत वायरमन दिवाळीनंतर वारले. त्यांच्या सात वह्या आहेत. त्यात तुमचं नाव आहे. येऊन बघाल का?’ खाली त्यांच्या पत्नीचा, लक्ष्मीबाईंचा अंगठा. नाव आठवायला मला दोन दिवस लागले. सहा-सात वर्षांपूर्वी सेलूच्या कापसाच्या जिनिंगमधल्या या वायरमनने मला एका यंत्राचं चित्र पाठवलं होतं. तीन तारांपैकी एकीची वीज गेली तरी चालती मोटर थांबत नाही, घुमत राहते आणि जळते. ती जळण्याआधी आपोआप बंद पडावी म्हणून त्याने काही योजलं होतं. मी शिकवतो त्या कॉलेजच्या छापील कागदावर उत्तर दिलं होतं की हे शक्य नाही.

कुणाला सेलूला जायचं असेल तर सकाळची पॅसेंजर धरा. तिकीट दोन रुपयांच्या आत, उजवीकडची खिडकी मिळाली तर ऊन लागत नाही. गाडी वेळेवर होती, हल्ली असतात. मानवत रोडला चहा पातळ, भजी मात्र गरम. सेलूत स्टेशनपासून बाजारापर्यंत कापसाच्या गाड्यांची रांग होती. बैल सोडलेले, गाडीवान गाडीखाली आडवे. एका टांगेवाल्या चाचांना पत्ता विचारला.

“कौन, बत्तीवाला यशवंत? गुजर गया बेचारा. जिनिंगमें सब हसते थे उसपे. मगर मोटर जली, के उसीको बुलाते थे.” टांग्यात बसायला लागलो तर म्हणाले, “पैदल जाओ साब. सामनेकीच गल्ली है. घोडे को क्यों शर्मिंदा करते?”

लक्ष्मीबाई जिनिंगमध्येच कापूस निवडायला जातात. रविवार म्हणून घरी होत्या. बुद्धाच्या तसबिरीखालच्या फळीवरून त्यांनी वह्या काढल्या, पदराने पुसल्या.

“आमची ना जमीन, ना हिर,” त्या म्हणाल्या. “अन् यांना जगाच्या मोटरीची काळजी. दुसऱ्याची मोटर जळली तर हे जेवायचे न्हाई. मी म्हणायची, सुतक पाळायलाव का?”

वह्या लिहायची यशवंतची एक रीत होती. डाव्या पानावर ‘वाटलं’, उजव्या पानावर ‘झालं’. वाटलं: शंभर वेटोळी पुरतील. झालं: न्हाई. दोनशे लागली, तार जळक्या मोटरीची काढली. वाटलं: ताटली घेतली तर बायको चिडणार न्हाई. झालं: चिडली. ते वाचून दाखवलं तेव्हा लक्ष्मीबाई हसल्या. “नवी ताटली हुती, सर. भोकं पाडली तिला.”

पाचव्या वहीत माझं पत्र चिकटवलेलं होतं. मी लिहिलं होतं: एक तार मेली तरी चालती मोटर त्या तारेत स्वतःच विजेचा दाब तयार करते, त्यामुळे दाब मोजणारं यंत्र फसेल. शास्त्र म्हणून त्यात चूक नाही. पण शेजारी यशवंतने आपल्या चित्राची नक्कल ठेवली होती. दोन पानं होती. पहिल्यावर दाब मोजणारी जोडणी. दुसऱ्या पानावर तो दाब मोजतच नव्हता. तारेतून वाहणारा प्रवाह मोजत होता. तो फसत नाही.

खाली त्याने लिहिलं होतं: ‘वाटलं: प्रवाह धरला तर चालंल. पण सरांनी दोन्ही पानं बघितली असतीलच.’

तिथून पुढे, पाचवीचा उरलेला भाग आणि सहावी-सातवी पूर्ण, डावी पानं भरलेली आहेत. उजवी कोरी.

“लोक म्हणायचे येडा झालाय,” लक्ष्मीबाई म्हणाल्या. “शेवटी हे स्वतः बी तसंच म्हणायले. मला कळत न्हाई यातलं. तेवढं सांगा, बरुबर हुतं का चूक?”

बरोबर होतं, हे मला वही वाचतानाच कळलं होतं. मी म्हणालो, “तपासावं लागेल.”

“तपासा. आता कुणाला घाई हाय?” असं म्हणून त्यांनी पाचवी वही फडक्यात बांधून माझ्या हातात दिली. येताना खिडकी कोणती मिळाली ते आठवत नाही.

घरी जुनी फाईल काढली. यशवंतचं मूळ पत्र होतं. दोन्ही कागदांना लावलेली टाचणी तशीच, दुसऱ्याची घडी कधी मोडलीच नव्हती. का नाही मोडली? कामात होतो, असं म्हणता येईल. पण कागद जिनिंगच्या पावतीचा होता, अक्षर बोजड होतं, आणि खालचं आडनाव मी वाचलं होतं हे मला आठवतं. यातलं किती खरं कारण, हे आठवडाभर स्वतःला विचारतो आहे आणि सोयीचं उत्तर येतं तेव्हा त्यावर विश्वास बसत नाही.

गुरुवारी प्रयोगशाळेत त्याच्या चित्राप्रमाणे जोडणी केली. मोटर चालू केली, एका तारेचा फ्यूज उपसला. मोटर थांबली. पाच वेळा केलं, पाचही वेळा थांबली. कोऱ्या उजव्या पानावर ते लिहावं म्हणून पेन उघडलं होतं. मग बंद केलं. ते पान माझं नव्हे.

पत्राने कळवता येईल. पण लक्ष्मीबाईंना पत्रं जिनिंगचा मुनीम वाचून दाखवतो. माझी चूक त्याच्या तोंडून त्यांनी ऐकावी, आणि मी इथे बसून राहावं, हे पहिल्यासारखंच झालं.

उद्या: रजेचा अर्ज टाकून सकाळच्या गाडीने सेलू. जिनिंग सुटल्यावर लक्ष्मीबाईंना समोर बसून सांगणे की यशवंतचं बरोबर होतं, दुसरं पान मी वाचलं नव्हतं.