पाकळी पाडणारे बोट

ती घटना आठवली की आजही माझे डोके तापते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, खाडीतून वर आलेली प्रेते पाहिली. त्यांतल्या बहुतेकांचा राग निवृत्तीच्या दिवशी ठाण्यातच ठेवून आलो. हा एक मात्र माझ्याबरोबर घरी आला आणि बायकोला अजून त्रास देतो.

२०१० सालची गोष्ट. मालवण किनाऱ्यावरच्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी निरीक्षक होतो. गावाचे आणि माणसांचे नाव मी सांगणार नाही. त्यांतली काही माणसे आजही बाजारात मला नमस्कार करतात आणि मीही निर्लज्जासारखा तो घेतो.

मी मूळचा नांदगावचा. लहानपणापासून देवळात कौल लावताना पाहत आलो. गुरव मूर्तीच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो, मानकरी गाऱ्हाणे घालतो, गाववाले ‘व्हय महाराजा’ म्हणतात आणि मग कुठल्या बाजूची पाकळी आधी पडते याची सगळे वाट बघतात. उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार. त्यावर माझा विश्वास आहे की नाही, हा इथे प्रश्न नाही. एवढे मात्र सांगतो, की कौल चुकला तर गुरवाला तोंड गावातच दाखवायचे असते. त्यामुळे तो जपून बोलतो.

आमच्या हद्दीत त्या वर्षी एक बुवा उगवला. किनाऱ्याजवळ पत्र्याची शेड भाड्याने घेऊन त्याने मठ थाटला आणि त्यात मूर्तीच्या जागी पाटावर चक्क लॅपटॉप ठेवला. वर झेंडूचा हार, पडद्यावर देवाचे चित्र आणि चित्राच्या दोन्ही बाजूंना एकेक पाकळी. बुवा लॅपटॉप उचलून सगळ्यांना खालून-वरून दाखवायचा. वायर नाही, जवळ माणूस नाही. मग दोन हात लांब उभा राहून, हातात नारळ धरून गाऱ्हाणे घालायचा आणि पडद्यावरची पाकळी आपोआप गळून पडायची.

लोक वेडे झाले. आणि वेडे झालेले लोक अडाणी नव्हते, हे मुद्दाम लिहून ठेवतो. पहिल्या रांगेत निवृत्त हेडमास्तर, ग्रामपंचायतीतले कारकून, पोस्टातले एक गृहस्थ. त्यांचे म्हणणे एकच, गुरव माणूस आहे, त्याच्या हातून चूक होईल, पण यंत्र पक्षपात कशाला करील? शाळेत पोरांना विज्ञान शिकवणाऱ्या माणसाने हे माझ्या तोंडावर सांगितले. मी चहा प्यायलो आणि गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचाही राग आहेच.

टीप दिली ती आमच्या भागातल्या लाइनमनने. एका दुपारी तो टपरीवर माझ्याशेजारी येऊन बसला.

“साहेब, तुमी हसतल्यात, पण ऐका. देवाक लाइट लागता काय?”

“म्हणजे काय रे?”

“त्या मठातलो बुवा माका रोज सकाळी फोन करता. आज भारनियमन किती ते किती, म्हणान. त्याप्रमाणा कौलाची येळ ठरयता. परवा मधीच फ्यूज गेलो. धा मिनटांत माणूस माझ्या दारात. म्हणता, लवकर चल, देव थांबलो आसा.” तो माझ्याकडे झुकला. “लॅपटॉप बॅटरीर चलता, साहेब. लाइट गेली तरी तो चालूच होतो. मगे देव कसो थांबलो?”

मी चहाचा पेला खाली ठेवला. मला तेव्हा ई-मेलसुद्धा धड पाठवता येत नव्हता. पण वीज गेल्यावर चालू असलेल्या यंत्रातला देव बंद पडतो, म्हणजे देव त्या यंत्रात नाही, भिंतीतल्या प्लगला लावलेल्या दुसऱ्या कशात तरी आहे, एवढे कळायला शिक्षण लागत नाही.

ठाण्यात येऊन मी त्या मठाबद्दल कोणाची तक्रार आहे का, ते शोधायला सांगितले. स्टेशन डायरीत काही नव्हते. ठाणे अंमलदार हवालदार जुना माणूस. तो घुटमळला आणि म्हणाला, की एक बाई आली होती, महिन्यापूर्वी. मच्छीमाराची विधवा. हंगाम सुरू होताच नवऱ्याची होडी वादळात उलटली आणि तो गेला. सासरच्यांनी मठात कौल लावला, घरातली पीडा हिच्या पायाने आली का? उजवी पाकळी पडली. त्याच दिवशी तिला घराबाहेर काढले आणि चार वर्षांची मुलगी ठेवून घेतली. ती आता शिरोड्याला माहेरी असते. मुलगी मागायला आली, तर दीर उंबऱ्याच्या आत घेत नाही.

मी हवालदारावर भडकलो. “लिहून का घेतलं नाही? साधी अदखलपात्र नोंदसुद्धा नाही?”

तो खाली मान घालून म्हणाला, “साहेब, मी तिला तुमच्याच केबिनमध्ये पाठवली होती. तुम्ही म्हणालात, घरचा मामला आहे, देवाधर्माचं आहे, गावात बसून मिटवा.”

मला ती बाई आठवेना. चेहरा, आवाज, काहीच नाही. दिवसाला अशा दहा जणी येतात आणि आम्ही त्यांना हेच वाक्य सांगून परत पाठवतो. ते वाक्य इतके गुळगुळीत झालेले असते, की बोलताना जिभेला लागतही नाही.

सापळा साधाच लावला. सकाळी अकराचा कौल. एका महिला शिपायाला साध्या साडीत पुढे बसवले. तिचे गाऱ्हाणे असे, की नवरा गोव्याला पळून गेला आहे, तो परत येईल का. तिचे लग्नच झालेले नव्हते. मी लुंगी-शर्टात मागे भिंतीला टेकून बसलो. लाइनमन बाहेर विजेच्या डीपीजवळ. माझा मिस कॉल गेला की त्याने मठाच्या लाइनचा फ्यूज काढायचा.

बुवाने नारळ हातात घेतला आणि गाऱ्हाणे सुरू केले. “बा देवा महाराजा, ह्या लेकराचो घोव खंय आसात थंयसून...” लोकांनी ‘व्हय महाराजा’ म्हटले. मी खिशातल्या खिशात बटण दाबले.

पंखे थांबले. लॅपटॉप लख्ख चालू. पाकळी जागच्या जागी.

सगळे पडद्याकडे पाहत होते. मी माणसांकडे पाहत होतो. पोलिसाने जादूकडे बघायचे नसते, जादू बघणाऱ्यांकडे बघायचे असते. तिसऱ्या रांगेत तिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस देवाकडे न बघता स्वतःच्या मांडीकडे बघत होता. त्याचा अंगठा एकसारखा काहीतरी दाबत होता.

मी जाऊन त्याचे मनगट धरले. हातात मोठ्या काचेचा फोन. तसले फोन तेव्हा आमच्या तालुक्यात बोटांवर मोजण्याइतके होते. मी आणखी एक मिस कॉल दिला, फ्यूज परत बसला, पंखे फिरले. बुवाच्या आसनामागच्या फळीवर, उदबत्तीच्या खोक्यांआड एका डबीचे हिरवे दिवे लुकलुकू लागले. थोड्या वेळाने फोनच्या काचेवर तोच देव आला, त्याच दोन पाकळ्या. माझ्या हातात धरलेला त्याचा अंगठा मीच काचेवर टेकवला. पाटावरच्या लॅपटॉपमध्ये पाकळी पडली.

एवढा उघडा प्रकार, पण पंचनाम्यावर सही करायला एकही जण पुढे येईना. हेडमास्तरांनी चष्मा पुसला आणि गुडघे दुखतात म्हणून घरी गेले. देवाचा कोप होईल, म्हणे! शेवटी मी गावच्या देवळातून गुरवाला बोलावले. त्या म्हाताऱ्याने लॅपटॉप, फोन आणि दिव्यांची डबी नीट पाहिली. “देवाचो कोप झालो तर माझ्यार होऊ दे,” असे म्हणून त्याने सही केली. त्याच्या मागून दुसरा पंच मिळाला.

फोनवाल्याची चौकशी मी स्वतः केली. शहरात कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचा. घाबरलेला नव्हता, उलट मला शिकवायला लागला.

“सर, सिंपल आहे. ती डबी म्हणजे वायफायचा राउटर. फोन आणि लॅपटॉप एकाच नेटवर्कवर घ्यायचे. फोनमध्ये एक सॉफ्टवेअर असतं, मग लॅपटॉपचा माऊस तुमच्या हातात. भिंतीच्या पलीकडूनही चालतो.”

“आणि लाइट गेली की?”

“राउटर बंद पडतो.” मग थोडा हिरमुसून म्हणाला, “इन्व्हर्टर सांगितला होता, सर. पुढच्या आठवड्यात येणार होता.”

मी विचारले, उजवी पाडायची की डावी, हे कोण ठरवायचे? म्हणाला, बुवा. नारळाची शेंडी ज्या बाजूला, ती पाकळी.

“त्या विधवा बाईच्या वेळी?”

“शेंडी उजवीकडे होती.” त्याने खांदे उडवले. “मी कोणाचं काही वाईट केलं नाही, सर. मी फक्त बोट फिरवलं.”

माझा हात उठला. हवालदाराने मध्ये येऊन तो धरला नसता तर माझीच चौकशी लागली असती. त्या हवालदाराचे माझ्यावर उपकार आहेत, पण त्या क्षणी मला त्याचाही राग आला होता.

गाठ सुटली ती इथे. शेंडी उजवीकडे का, हे बुवाला विचारले. दोन दिवस तो देवाचे नाव घेत राहिला. तिसऱ्या दिवशी मी त्याला लाइनमनचा जबाब वाचून दाखवला. आपण रोज वायरीवर चालणारा देव विकत होतो, हे कागदावरून ऐकल्यावर तो मऊ पडला. म्हणाला, कौलाच्या आदल्या दिवशी त्या बाईचा दीर येऊन भेटला होता. घराची जागा समुद्राला लागून. तिथे पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या होत्या. भावाचा हिस्सा भावजयीकडे आणि मुलीकडे जाणार होता. भावजय घरातून गेली की प्रश्न मिटणार होता.

दिराला आणला. तो म्हणाला, “मी खंय काय सांगलंय, साहेब? मी फक्त इचारलंय. देवान सांगला तां केलंव.” एकाने फक्त बोट फिरवले, दुसऱ्याने फक्त विचारले, तिसऱ्याने फक्त नारळ धरला. माणूस इतका हलका होऊन गुन्हा करू शकतो, हे मला त्या आठवड्यात कळले.

दखलपात्र म्हणून फसवणुकीचे कलम लावले, संगणकाद्वारे तोतयेगिरीचे लावले. दैवी कोपाची भीती घालण्याचेही एक जुने कलम आहे, तेही लावले. सरकारी वकिलांनी मला विचारले, तोतयेगिरी कोणाची दाखवायची, देवाची? मी म्हटले, हो, फक्त देवाला साक्षीला बोलावू नका म्हणजे झाले.

त्या बाईला शिरोड्याहून जबाबासाठी बोलावले. जबाब संपल्यावर मी तिला सांगितले, आता केस कोर्टात जाईल, न्याय मिळेल. ती म्हणाली, “कोर्ट नंतर, सायबानू. ज्या माणसांसमोर माका काढल्यानी, त्याच माणसांसमोर आधी सांगा.”

म्हणून प्रात्यक्षिकाचा पंचनामा त्याच शेडमध्ये, भर सकाळी, सगळ्या गावाला बोलावून केला. फोनवाल्याने पाच वेळा उजवी पाकळी पाडली, पाच वेळा डावी. त्या बाईची सासू पुढे बसली होती. सगळे बघून झाल्यावर ती म्हणाली, “तां खरा असात. पण काम्प्युटर उगाच कित्याक तिचा नाव घेयत?” मी तोंड उघडणार, तेवढ्यात सूनच बोलली.

“देवान माका नाय काढल्यान, आये. तुमी काढलात.”

तिथून आम्ही सगळे तिच्या सासरी गेलो. दीर कोठडीत होता, दार अडवायला कोणी नव्हते. मुलगी घरापुढच्या खळ्यात खेळत होती. आईला बघून धावत येईल, असे मला वाटले होते. मी तर मनात तो प्रसंग रंगवूनही ठेवला होता, खोटे कशाला बोलू. मुलगी उठली आणि आजीच्या लुगड्यामागे गेली. तिथून डोके काढून तिने विचारले,

“आये, तू बाबाक खाल्लंस?”

बाई खाली बसली. “नाय गो बाय. दर्यान खाल्ल्यान.”

मुलगी हलली नाही. मी पुढे झालो. वर्दीत होतो, टोपी काढली, गुडघ्यांवर बसलो आणि तिला म्हटले, “बाळा, तुझ्या आईने काही केलं नाही. ते सगळं खोटं होतं.”

तिने मला नीट न्याहाळले. मग म्हणाली, “तुमका देवान सांगल्यान?”

मी महिला शिपायाला मुलीला उचलून आईकडे द्यायला सांगितले. बाईनेच हात आडवा केला. “वडू नको तिका. मी खंय जातलंय आता? ह्या माझा घर.” ती उंबरा ओलांडून आत गेली, चुलीजवळ बसली आणि पेजेसाठी तांदूळ धुवायला लागली.

मुलगी आईजवळ झोपायला लागली ती पुढच्या उन्हाळ्यात, असे हवालदाराने मला सांगितले. आरोपींना मात्र जामीन आठ दिवसांत मिळाला होता.

या केसने मला काय शिकवले, असे लोक विचारतात, आणि त्यांना वायफायबद्दल ऐकायचे असते. फोन सील झाला, लॅपटॉप सील झाला, लाखेवर माझी सही आहे. चार वर्षांच्या मुलीच्या कानात गेलेले आईबद्दलचे ते एक वाक्य जप्त करायला माझ्याकडे कलम नव्हते. ती बाई पहिल्यांदा माझ्या केबिनमध्ये आली, तेव्हा ते वाक्य घरात जेमतेम दोन दिवसांचे होते. मी त्याला आणखी एक महिना दिला.