शेवटाकडून उघडलेलं पुस्तक

भाचीच्या टेबलावर व्हायकिंग दर्यावर्द्यांची एक जपानी चित्रकथा, म्हणजे मांगा, पडली होती. मी ती मराठी पुस्तकासारखी डावीकडून उघडली. समोर पानभर एकच चित्र होतं: एक म्हातारा बर्फात निपचित पडलेला आणि एक तरुण सरदार त्याच्याशेजारी गुडघे टेकून बसलेला.

"हा मेलेला म्हातारा कोण गं?" मी विचारलं.

"मामा, उलटं उघडलंस! मांगा उजवीकडून वाचतात," म्हणत रेवा हसत जवळ आली. चित्र पाहून तिचं हसू थांबलं. "हा मरतो? माझं अर्धंच वाचून झालंय रे."

मी माफी मागितली. मग तिने मला वाचलेली पानं दाखवली. म्हातारा सरदाराचा नोकर होता. तो सगळीकडे चित्राच्या कडेला होता, कुठे ढाल धरून, कुठे आपली भाकरी सरदारापुढे सरकवताना. पानभर चित्र त्याला एकदाच मिळालं होतं, शेवटचं.

वर्तमानपत्रात मी अनेक वर्षं निधनवार्ता लिहिल्या. तिथेही मरण आधी येतं आणि आयुष्य नंतर. दुसऱ्यांच्या मागे जन्मभर उभी राहिलेली कितीतरी माणसं मला अशीच, गेल्यावर कळली.

आठवड्याने रेवाला विचारलं, "पुढे वाचलंस?"

"नाही. सरदार होडीत झोपलाय आणि म्हातारा सुकाणू धरून बसलाय. मी तिथेच थांबलेय."