नेनेकाकांचं कच्चं आणि पक्कं

रेकॉर्डला हात लावण्याआधी नेनेकाका साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे, ऑपरेशनला निघालेल्या डॉक्टरसारखे. मग एकेक बोट पुसायचे, रेकॉर्ड कडेने धरायचे आणि म्हणायचे, "आता कुणी बोलायचं नाही." घरात ते आणि मी, दोघंच. त्यातले बोलणारे तेच.

मी त्यांच्याकडे स्वयंपाकाला होते. मरोळच्या आमच्या गावठाणातून चकाल्याला त्यांच्या सोसायटीत चालत जायचे. काकू वारल्या होत्या, मुलगी परदेशात. बँकेतून निवृत्त झाल्यावर काकांनी एकच काम धरलं होतं, जुन्या रेकॉर्डी आणि कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवायच्या. स्वतःच्या संपल्यावर ओळखीचे लोक आणून द्यायला लागले. कुणाच्या वडिलांचं कीर्तन, कुणाच्या मुंजीतला गोंधळ, कुणाच्या आत्याचं गाणं. ज्याची वस्तू त्याला परत जाताना नवीन प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर नाव लिहून जायची.

पुढे त्यांचा हात कापायला लागला. एकदा सुई रेकॉर्डवरून घसरली, तशी त्यांनी ती उचलून बाजूला ठेवली. मग स्वयंपाकघराच्या दारात आले. "सेलीना, इकडे ये. तुझा हात स्थिर आहे."

"मला काय येतंय काका? मी चौथी शिकलेली."

"सुईला तुझी मार्कशीट दाखवायची नाहीये."

त्यांनी मला शेजारी खुर्चीवर बसवलं. त्या घरात मी खुर्चीवर बसण्याची ती पहिली वेळ. लाल गोल दाबला की रेकॉर्डिंग सुरू, चौकोन दाबला की बंद. हिरव्या पट्ट्या तांबड्यात गेल्या तर आवाज फाटतो, बटण जरा मागे घ्यायचं. आवाज पडद्यावर डोंगरांच्या रांगेसारखा उमटायचा. कुणी गात नसेल तिथे सरळ रेघ, आणि ते सॉफ्टवेअर अशा रेघा शोधून गाणी आपोआप वेगळी करायचं. टिकटिक काढायची सोय होती, खरखर काढायचीही. खरखरीचा लहानसा तुकडा त्याला दाखवायचा, मग तसली सगळी खरखर ते काढून टाकतं. "पोलिसांच्या कुत्र्याला वास देतात ना, तसं," काका म्हणायचे.

त्यांचा एक नियम होता. कॉम्प्युटरवर दोन फोल्डर होते, 'कच्चं' आणि 'पक्कं'. "आधी जसंच्या तसं उतरवायचं, ते कच्च्यात. त्याला देवाने सांगितलं तरी हात लावायचा नाही. साफसफाई करायची ती नकलेवर." एका कीर्तनाच्या कॅसेटमध्ये मधूनच एक बाळ रडत होतं. मी म्हटलं, काका, हे काढून टाकू या. ते माझ्यावर चिडले. "ते बाळ आज पन्नाशीचं असेल. त्याला विचारलंस? आज तुला जी घाण वाटते, तीच उद्या कुणाला तरी हवी असते."

हे ऐकलं म्हणून मी माझी कॅसेट त्यांच्याकडे नेली.

आमच्या गावठाणातल्या ख्रिस्ती लोकांत उन्हाळ्यात वर्षाचा मसाला कुटून बाटल्यांत भरतात. माझी आय मसाला कुटायला घरोघर जायची. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं. ते कुणी लिहून ठेवत नाही, कुटता कुटता मोठीने धाकटीला तोंडाने सांगायचं. एका वर्षी आमच्याच अंगणात कुटण चालू असताना गल्फमधून आलेल्या मामाने टेपरेकॉर्डर लावला. आय गाते, मुसळं पडतात, आणि दोन गाण्यांच्या मध्ये ती मला सांगते, काय किती घ्यायचं, कुठलं किती भाजायचं. मी आठ-नऊ वर्षांची. लक्ष देत नव्हते, म्हणून ती ओरडतेसुद्धा. पुढच्याच वर्षी आय गेली. घरात धाकटी भावंडं होती, माझी शाळा तिथेच सुटली. मामाचा टेपरेकॉर्डर बिघडल्यापासून ती कॅसेट आमच्या पेटीत कपड्यांखाली पडून होती.

मी काकांना सांगितलं, "गाणी राहिली तरी चालतील काका. मधलं बोलणं पाहिजे." हे एवढं वाक्य मी मरोळपासून चकाल्यापर्यंत मनात घोकत आले होते.

"अगं, सगळं मिळेल," ते म्हणाले. "आणि तुझ्या आईचं तू नाही करायचं. ते मी करणार, माझ्या हाताने."

मला केवढं बरं वाटलं होतं.

मग मुलीच्या बाळंतपणासाठी मी पंधरा दिवस वसईला गेले. परत कामावर आले तो रविवार होता, आणि काकांचे तीन मित्र गाणी ऐकायला जमले होते. मी चहाचा ट्रे घेऊन पुढच्या खोलीत गेले, तर स्पीकरवर आय गात होती.

मी दारातच थांबले. आवाज तिचाच होता, पण पाण्याखालून आल्यासारखा. मुसळं नव्हती. ओळ संपली की ती मुसळाच्या ठोक्यासाठी थांबायची, तिथे आता नुसती पोकळी. गाणं संपलं आणि लगेच दुसरं सुरू झालं.

"वा, नेने! स्टुडिओत केल्यासारखं वाटतंय," एक मित्र म्हणाले. "कोण हो ही बाई?"

"आमच्या सेलीनाची आई. मूळ टेप ऐकली असतीत तर पळून गेला असतात. नुसती धडधड आणि बडबड! आठ दिवस बसलो होतो. एकेक ठोका वेचून काढला."

"अहो, हिच्या डोळ्यांत पाणी आलं बघा," दुसरे म्हणाले. काका माझ्याकडे पाहून हसले. त्यांना वाटलं, मला आनंद झाला.

मी चहा दिला, कप विसळले. सगळे गेल्यावर काकांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढून माझ्या हातावर ठेवला. "घे. जेवढं होतं तेवढं सगळं आहे."

"बोलणं नाही त्यात."

"अगं, त्यात काय होतं? हे भाज, ते चाळ, आणि तुला शिव्या." ते हसले. मी हसले नाही.

"कच्च्यात असेल ना?"

त्यांनी चष्मा काढला. पुसायला लागले. "तुझ्या कॅसेटचं कच्चं ठेवलं नाही. घरगुती होती ना. म्हटलं, कशाला."

"मग माझी कॅसेट द्या."

"ती बुरशीने खाल्ली होती गं. टाकली. माझ्या बाकीच्यांना लागली असती." मग जरा चढ्या आवाजात, "असं काही हवं होतं तर आधी स्पष्ट सांगायचं ना!"

"मी सांगितलं होतं, काका."

त्या घरात मी त्यांना उलट बोलण्याची तीही पहिलीच वेळ. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सांगितलं असशील."

दुसऱ्या दिवशी ते अंघोळीला गेल्यावर मी 'कच्चं' उघडून पाहिलं. कीर्तनातलं बाळ होतं. मुंजीतला गोंधळ होता. कुणाचा तरी कुत्रा भुंकत होता, तोही होता. मी यादी तीनदा वरून खाली वाचली. त्यांनी नियम मोडला याचं मला तितकं लागलं नाही. एकट्या माझ्या आयसाठी मोडला, आणि मोडताना त्यांना थांबावंसंही वाटलं नाही, याचं लागलं. शिव्या होत्या असं म्हणाले, म्हणजे त्यांनी ते ऐकलं होतं. आय मला काय म्हणाली ते ऐकलेला तो शेवटचा माणूस, आणि त्याच्या ते लक्षातही राहिलं नव्हतं. पुढे एकदा मी विचारलं, प्रमाण काय सांगत होती, आठवतं का. "धने... की मिरच्या? काहीतरी पाच होतं बघ," म्हणाले.

'पक्कं'मध्ये आयच्या फाइलचं नाव होतं 'कुटणाची गाणी, मरोळ'. मी त्यांच्यासमोर बसून ते बदललं. एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'मार्था, सेलीनाची आय. हे पूर्ण नाही.'

काकांनी वाकून वाचलं. "असं नाव ठेवत नाहीत गं. यादीत कसं दिसेल?"

"दिसू दे," मी म्हटलं.

त्यांनी ते पुन्हा बदललं का, मला माहीत नाही. महिना संपल्यावर मी काम सोडलं. दोन वर्षांनी कळलं की काका गेले. शोकसभेला खूप लोक आले होते म्हणे. त्यांनी किती माणसांचे आवाज वाचवले ते सगळ्यांनी सांगितलं. खोटं नाही ते. मला खुर्चीवर बसवणारा तो एकटाच माणूस होता, हेही खोटं नाही.

नोव्हेंबरात आमच्या चर्चमध्ये एक कागद देतात. आपल्या गेलेल्या माणसांची नावं त्यावर लिहून द्यायची, मग महिनाभर त्यांच्यासाठी प्रार्थना होते. मी आयचं लिहिते, बाचं लिहिते, नवऱ्याचं लिहिते. काका गेले त्या वर्षी चौथं नाव लिहायला पेन टेकवलं होतं. मग कागदाची घडी घातली आणि चर्चमधल्या पेटीत टाकून आले. यंदाही तीनच नावं दिली.