गार्गीची तपासणी आणि माझे बारा नियम

माझ्या मुलीची मानसशास्त्रीय तपासणी झाली आणि त्यात मी नापास झालो.

मुलीचं नाव गार्गी, वय वर्षं नऊ. जन्मापासून झाशीत वाढलेली, त्यामुळे मराठी सगळं कळतं, पण बोलायला तोंड उघडलं की हिंदी बाहेर पडते. घरी पाहुणे आले की लोकांची मुलं वाकून नमस्कार करतात. आमची विचारते, "अंकल, आपके घर पे कौन सा ताला है? और चाबी कहाँ रखते हो?" (कुलूप हा तिचा जिव्हाळ्याचा विषय आहे. बबीनाच्या लष्करी छावणीतून आलेल्या एका सुभेदारसाहेबांना हे ठाऊक नव्हतं. ते चहा अर्धा टाकून घर गाठायला निघाले!)

कुकरची शिट्टी झाली की ती कानांवर हात दाबून पलंगाखाली जाते. पोहे हळदीशिवाय, पांढरे लागतात. हे सगळं आम्ही 'स्वभाव' या एका शब्दात बसवलं होतं. पण चौथीच्या सहामाहीत पोरीनं सगळे पेपर अर्धे कोरे दिले. कारण काय, तर वर्गातला पंखा करकरत होता! शाळेच्या मोठ्या बाईंनी सांगितलं, "क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा रिपोर्ट आणा. वेगळी शांत खोली देऊ, जादा वेळ देऊ. रिपोर्ट नसेल तर मात्र चौथीतच बसवावं लागेल."

म्हणून आम्ही सीपरी बाजारातल्या सक्सेना मॅडमकडे गेलो. त्यांनी तासभर मला आणि सुनीताला, म्हणजे माझ्या बायकोला, प्रश्न विचारले, घरी भरायला एक फॉर्म दिला आणि निघताना म्हणाल्या, "बच्ची को कोई तैयारी मत करवाइए. जैसी है, वैसी ही लाइए."

आता रेल्वेच्या सिग्नल खात्यात सव्वीस वर्षं काढलेल्या माणसासाठी या वाक्याचा अर्थ काय, ते सांगतो. मोठे साहेब जेव्हा म्हणतात, "सहज चक्कर मारतोय, काही खास करू नका," तेव्हा आमच्याकडे त्याच दुपारी चुन्याची पोती उतरतात. दगडांना चुना, कुंड्यांना गेरू, आगीच्या बादल्यांना लाल रंग आणि सगळं मोडकं सामान स्टोअरच्या मागे ताडपत्रीखाली. साहेबांचं 'काही करू नका' ज्यानं खरं मानलं, त्याची बदली झालीच म्हणून समजा!

मी लगेच कागद घेतला आणि बारा नियम लिहून काढले. एक : मॅडमच्या डोळ्यांत पाच आकडे होईपर्यंत बघायचं. चार : कुलपाचं नाव काढायचं नाही. सात : कानांवर हात ठेवायचे नाहीत. अकरा : बाबा खोकले की गप्प बसायचं. बारा : हे नियम कुणालाही सांगायचे नाहीत.

गार्गीला नियम फार आवडतात. तिनं एका संध्याकाळीत पाठ केले. फक्त एकदा विचारलं, "बाबा, ये झूठ तो नहीं हुआ ना?"

"छे छे! ही तयारी."

"अहो," सुनीता म्हणाली, "पोरीला तपासायला नेताय की स्थळाला दाखवायला?"

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं आणि फॉर्म भरायला बसलो. मोठ्या आवाजाचा त्रास होतो का? कधीच नाही. खाण्याचे हट्ट आहेत का? कधीच नाही. चार पानं 'कधीच नाही' केली आणि खाली झोकदार सही ठोकली. (ऑफिसचा शिक्काही मारणार होतो, पण सुनीतानं तो लपवून ठेवला.)

तपासणीच्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "पहले थोड़ी देर सब साथ बैठेंगे." मी कोपऱ्यातली खुर्ची पकडली.

"बेटा, कैसी हो?"

गार्गीनं मॅडमच्या डोळ्यांत डोळे घातले आणि खणखणीत आवाजात मोजलं, "एक, दोन, तीन, चार, पाच!" मग मान फिरवून भिंतीला म्हणाली, "अच्छी हूँ."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "अच्छा, तुम्हें सबसे ज़्यादा क्या पसंद है?"

"नहीं बता सकती. नियम नंबर चार."

मी खोकलो.

"कौन सा नियम?"

"वो भी नहीं बता सकती. नियम नंबर बारह."

मी परत खोकलो. या खेपेला जरा जोरात.

"मॅडम, बाबा खाँस रहे हैं. अब मुझे चुप होना है. नियम ग्यारह."

"पानी दूँ, जोगळेकर जी?" मॅडमनी विचारलं. सुनीता खिडकीबाहेर बघत होती. तिचे खांदे हलत होते आणि ती रडत नव्हती, एवढं मला पक्कं ठाऊक आहे.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी हळूच विचारलं, "और कोई सीधा पूछ ले, तो क्या करना है?"

"तब सच बोलना. वो आईचा नियम है, पुराना वाला." आणि पोरीनं बाराच्या बारा नियम धडाधडा म्हणून दाखवले, एकही न चुकता! मग जरा थांबून म्हणाली, "मॅडम, इन्स्पेक्शन में बाबा टूटा हुआ सामान छुपाते हैं. मैंने देखा है. मैं टूटी हूँ क्या?"

माझा खोकला जागच्या जागी थांबला. पोरीची फजिती होऊ नये म्हणून मी चुना फासत होतो आणि ती बिचारी आठवडाभर स्वतःला ताडपत्रीखाली बघत होती. मला माझीच लाज वाटली.

"नहीं बेटा," मॅडम म्हणाल्या. "तुम बिलकुल साबुत हो. बाबा डर गए थे, बस."

"बाबा, डर गए थे?"

"हो गं," मी म्हणालो. "फार."

"तो बोलना था ना," गार्गी म्हणाली आणि टेबलावरच्या ठोकळ्यांकडे वळली.

मॅडमनी मग माझा फॉर्म हातात घेतला. "ये पढ़के तो लगता है बच्ची नहीं, कैलेंडर की देवी जी हैं." नवा फॉर्म त्यांनी सुनीताला दिला, तपासणी पंधरा दिवस पुढे ढकलली आणि माझ्यापुढे हात केला. "वो नियमों वाला काग़ज़ दीजिए."

मी खिशातून काढून दिला. त्यांनी शांतपणे वाचला आणि पहिल्यांदाच खळखळून हसल्या. "फॉर्म में लिखा है कोई दिक़्क़त नहीं, और यहाँ सारी की सारी अपने हाथ से लिख दी हैं! मैंने घंटा भर पूछा, तब तो आपने इनमें से एक भी नहीं बताई!" कागद गार्गीच्या फाइलीला लागला.

पंधरा दिवसांनी गार्गी जशी आहे तशी गेली. रिपोर्टात ऑटिझम असं स्पष्ट लिहिलं होतं. हा आजार नाही, मेंदूची घडण वेगळी आहे, तिला डोळ्यांत बघायची जबरदस्ती करू नका आणि परीक्षेला शांत खोली द्या. शाळेनं खोली दिली, जादा वेळही दिला. वार्षिक परीक्षेत पोरीनं सगळे पेपर पूर्ण लिहिले आणि पाचवीत गेली.

रिपोर्टाच्या शेवटच्या पानावर एक गृहपाठ होता, तो मात्र माझ्या नावानं! रोज दहा मिनिटं मुलीजवळ बसायचं. शिकवायचं नाही, सुधारायचं नाही, सूचना द्यायची नाही. ती जे करते ते फक्त बघायचं. सूचना निघाली की वेळ तिथेच संपली. घड्याळ आणि वही गार्गीकडे असते आणि ती कुणाची भीड ठेवत नाही. दोन महिने झाले. दहा मिनिटं अजून एकदाही भरलेली नाहीत. माझा आजवरचा उच्चांक सहा मिनिटं वीस सेकंद आहे आणि त्यापुढे तिनं कंसात लिहून ठेवलंय, 'बाबा सो गए थे.'